रेतीवरचा बाभळीचा वेढा

ते बाभळीचे काटे गोल रोवले हायेत ना, तिथं जाऊ नका. पाहाचं ते इथूनच पाहा. मागच्या खेपेले एक शहाणा चपलेनं आत गेला, त्याले गावानं काही न दाखवता तसाच परत पाठवला.

हे उरकुडा ढिवरापासून सुरू झालं असं सांगतात. वैनगंगेच्या ह्याच रेतीवर त्याची डांगरवाडी, म्हणजे खरबुजाची वाडी होती. माणूस लय तापट, बोलाच्या आधी हात उचले. पण लेक सायत्रा म्हटलं की विरघळे. ती पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली होती.

पुसाचा महिना. एक कासवीण, परातीएवढी, अंडी घालाले रेतीवर आली. उरकुड्यानं तिले उचलून आंगणात उताणी टाकली. उताणं कासव कुठं पळते? नातू झाला की जावयाले रस्सा, असा बेत.

सायत्राच्या कळा सुरू झाल्या अन् अडकल्या. दोन दिवस गेले. पोरगी पिवळी पडली. पुनाई सुईण हात पुसत बाहेर आली, म्हणे, "उरकुड्या, आंगणात कोणाले पाडून ठेवलं तू?"

"कासव हाये. तू तुहं काम कर."

"तिच्याही पोटात अंडी हायेत, मुडद्या. ती दारात पाय झाडत पडली, अन् तुही लेक आत सुटंल?"

उरकुडा उठला तसे सारे मागं सरले. म्हातारीले मारते, असंच वाटलं. त्यानं कासविणीले उचललं. ती अंगठ्याले कडकडून चावली, तरी सोडलं नाही. रेतीवर नेऊन सुलटी ठेवली. ती हालेच ना. तवा म्हणे त्यानं आपल्या हातानं डांगराचा फुललेला वेल उपटला, जागा मोकळी केली.

"घे बाई. इथं बस."

ती सरकली. मागच्या पायांनी रेती उकरली. एकेक अंडं पडे, उरकुडा श्वास धरून पाहे. शेवटच्या अंड्यावर तिनं रेती लोटली, अन् घराकडून लेकराचं रडणं आलं.  मग कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून उरकुड्यानं काटे आणून वेढा रोवला.

आजही लेक बाळंतपणाले आली की बाप आधी रेतीवर येते, अंड्यांची जागा धुंडून वेढा घालते. इथली टोपलंभर रेती कोणी नेत नाही. ट्रॅक्टर आला तर बाया आडव्या होतात. पिल्लं पाण्यात गेली की मगच ते काटे घरी नेतात, त्याच्यावर लेकराच्या आंघोळीचं पाणी तापवतात. वरच्या-खालच्या गावांत कासव दिसणं बंद झालं. इथं यंदा चार वेढे हायेत. हा कडेचा कालचाच. पोरगी आज सकाळी मोकळी झाली. माय-लेकरू दोघंही बरे हायेत.