कवडी आणि तिची सात पिल्लं

फार वर्षांपूर्वी हौसाक्कांच्या परसात कवडी नावाची कोंबडी आपल्या सात पिल्लांसह राहत होती. एकदा तिच्या तुऱ्यावर देवीचे फोड उठले. रोग पिल्लांना लागू नये म्हणून हौसाक्कांनी तिला लांब, गोठ्याच्या कोपऱ्यात डालग्याखाली ठेवलं. पिल्लांची चिवचिव ऐकून कवडी आतल्या आत तळमळायची.

एका संध्याकाळी धाकटं पिल्लू डालग्याशी आलं.

"आई, थंडी वाजते. मला आत घे ना."

कवडीचा जीव तुटला, पण तिने पाठ फिरवली.

"खुराड्यात जा. भावंडांना चिकटून नीज."

पिल्लू रुसून गेलं.

महिन्याभराने खपल्या गळाल्या आणि कवडी परसात परतली. पिल्लं एवढी वाढली होती, की पंखाखाली एकही मावेना. सगळी तिला नुसतीच टेकून बसली. ती एकेकाचं तोंड निरखत राहिली. कुणालाच फोड नव्हता.