वैद्यबुवांचा कडू काढा

एका जंगलात एक अस्वल राहत असे. त्याला सगळे वैद्यबुवा म्हणत. तापावर ते कडू काढा देई आणि बजावी, "पहाटे उपाशीपोटी, एका दमात प्यायचा!" काढा नेलेला रोगी पुन्हा फिरकला नाही, की अस्वल खूश. म्हणे, "बरा झाला! नाहीतर आला नसता का परत?"

गुहेवरच्या झाडावर एक साळुंकी होती. तिला, मुलांनो, सगळ्यांच्या घरात डोकवायची भारी खोड. असं कोणीतरी शेजाराला लागतंच म्हणा! एकदा हरिणीचं पाडस तापाने फणफणलं. काढा पोटात ठरेना, उलट्यांनी ते मान उचलेना. साळुंकी म्हणाली, "अगं, वैद्यबुवांना सांग की!" हरिणी रडवेली झाली. "एवढे मोठे वैद्य! तुमचं औषध लागू पडत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

साळुंकी तडक गुहेत. "वैद्यबुवा, तुमचा तो बरा झालेला ससा अजून बिळात कण्हतोय! चला, तुम्हीच विचारा."

"मी दारोदार फिरू? माझ्या गुरूंचा काढा कधी चुकला नाही!"

"गुरूंकडे रोगी कोण येत हो?"

"कोण म्हणजे? आम्ही दांडग्या पोटाची अस्वलंच की..." बोलता बोलता अस्वल थांबलं. आणि उठून सशाच्या बिळाशी गेलं.

ससा ओशाळून म्हणाला, "उलटी झाली, म्हणून उरलेला ओतून टाकला. तुम्ही रागवाल म्हणून आलो नाही." साळिंदर मात्र ठणठणीत. "लबाडी केली, बुवा. आधी कंद खाल्ला, मग काढा." माकडीण पिल्लाला पाठीशी घेत बोलली, "मी मधातून बोटबोट चाटवला." अस्वलाने आणखी घरोघरी विचारलं. तेच! ऐकणाऱ्यांना उलट्या, आणि चोरून खाऊन पिणारे बरे.

अस्वल हरिणीकडे गेलं. आपल्या साठ्यातला मध काढ्यात कालवून पाडसाला चाटवत बसलं. या खेपेला काढा पोटात राहिला. उन्हं कलली तेव्हा पाडसाने मान उचलली आणि आईला हुंगलं.

तेव्हापासून काढा देताना अस्वल म्हणे, "बरं वाटलं तर सांगायला ये. नाही वाटलं तर आधी ये. आणि आलाच नाहीस, तर साळुंकीला पाठवीन हं!"

तात्पर्य : रोगी परत आला नाही म्हणजे बरा झाला, असं धरून चालू नये. औषध ज्याच्या पोटात जातं त्याला विचारावं, आणि त्यानेही न भिता खरं सांगावं.