सरडोबांचा प्रबंध

फार मागे कधीतरी कुंपणावरच्या सरडोबांनी मुंग्यांच्या नेतृत्वावर प्रबंध लिहायला घेतला. ते थेट वारुळाच्या वाटेत आडवे बसले आणि दाणा नेणाऱ्या प्रत्येक मुंगीला अडवून विचारू लागले, “तुमचा पुढारी कोण?”

“कुणीच नाही. पुढची जाते, तिच्यामागे मी जाते,” प्रत्येकीचं उत्तर तेच. सरडोबा मान डोलवत आणि लिहून घेत. इकडे रांग तुंबली, तिकडे वारुळात पिल्लं उपाशी राहिली.

संध्याकाळी सरडोबांनी मोठ्या समाधानाने निष्कर्ष वाचून दाखवला, “पुढारी नसल्यामुळे इथलं काम सकाळपासून ठप्प आहे.”

डोक्यावर दाणा घेऊन ताटकळलेली म्हातारी मुंगी म्हणाली, “छान लिहिलंय, सरडोबा. आता वाटेतली शेपटी तेवढी उचला. पिल्लांना जेवू घालतो आणि मग पुढारी शोधायला लागतो.”