गेनू क्लीनर आणि मामांची स्टेपनी

एका गावात एक भोळा क्लीनर होता. भोळा हे आपलं चारचौघांत म्हणायचं. गाव त्याला सरळ येडं म्हणायचं. नाव गेनू. भागुजीमामांच्या पिकअपवर होता. सख्खा भाचा, म्हणून होता. नाहीतर असला क्लीनर कुणी फुकटसुद्धा ठेवला नसता.

मामांच्या जिवाला दोन घोर होते. एक गेनू आणि दुसरं लग्न. चाळिशी आली तरी जमेना. मुलाकडे पिकअप आहे म्हटल्यावर लोक बघायला यायचे. मामांना बघायचे, चहा प्यायचे, पिकअपचं कौतुक करायचे आणि निघून जायचे. शेवटी बोरखेडच्या तात्या शेळक्यांची मंदा हो म्हणाली. मामांना खरंच वाटेना. त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा हो म्हणाली.

तात्या मात्र कडक माणूस. त्यांनी एकच अट घातली. "मुहूर्त टळला तर आल्या वाटेनं परत जायचं. दुसरा मुहूर्त नाही." आणि मुहूर्त होता त्या हंगामातला शेवटचा. तो चुकला की आधी तुळशीचं लग्न लागणार, मग माणसांचं. आणि तोवर मंदा थांबेल याचा काय नेम? म्हणून मामांनी ठरवलं, लग्नाच्या दिवशी गाडी अडता कामा नये. गाडी तयार ठेवायची म्हणजे गेनूला तयार करायचं. इथंच घात झाला.

पहिल्या दिवशी मामा म्हणाले, "गेन्या, रेडिएटरचं पाणी बघ."

गेनूनं झाकण उघडलं. पाणी बघितलं. झाकण लावलं.

"बघितलंस?"

"बघितलं, मामा."

बाजाराच्या निम्म्या वाटेवर बॉनेटमधून वाफ निघाली. मामांनी झाकण काढलं तर आत पाणी तळाला.

"गाढवा, पाणी कमी आहे हे दिसलं नाही तुला?"

"दिसलं की! पण तुम्ही बघ म्हणालात. मी बघितलं."

मामांनी कपाळावर हात मारला. "नुसतं बघायचं नसतं रे! कमी दिसलं की भरायचं!"

"बरं मामा. डोक्यात बसलं."

आणि खरंच बसलं. गेनूच्या डोक्यात एकदा बसलेलं परत उठत नसे, हीच तर पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "इंजिनातलं ऑइल बघ."

गेनूनं पट्टी ओढून बघितली. ऑइल कमी. आता तो शहाणा झाला होता. घरात गेला, आईचा करडईच्या तेलाचा डबा उचलला आणि अख्खा ओतला. त्या दिवशी पिकअप जिथून गेली तिथं भज्यांचा वास गेला. स्टँडवर गाडी उभी केली तर दोन पाहुणे प्लेट मागायला आले. मामा खाली उतरून वास घेऊ लागले.

"काय ओतलंस रे हे?"

"घाण्याचं आहे, मामा. भेसळ नाही."

मेकॅनिकनं सगळं तेल काढून टाकलं. मामांनी गेनूचा कान पिळला. "इथून पुढं मी तोंडानं सांगितल्याशिवाय काही म्हणजे काही करायचं नाही! समजलं?"

"बरं मामा. डोक्यात बसलं."

तिसऱ्या दिवशी गेनू रस्त्याच्या मधोमध उभा होता. समोरून मामा गाडी घेऊन आले. मामांनी हॉर्न दिला. गेनू उभाच. मामांनी हॉर्न दाबूनच धरला. गेनू आनंदानं ऐकत उभा. मामांनी करकचून ब्रेक मारला आणि त्यांचं नाक स्टेअरिंगवर आपटलं.

"मुर्दाडा, सरकायला काय झालं होतं?"

"तुम्ही तोंडानं कुठं सांगितलंत? तुम्ही तर हॉर्ननं सांगत होतात."

मामा नाक धरून ओरडले, "हॉर्न वाजला की बाजूला व्हायचं! स्वतः व्हायचं आणि आजूबाजूच्यांनाही करायचं!"

"बरं मामा. डोक्यात बसलं."

असं करत करत लग्नाचा दिवस उजाडला. आपल्या गाडीचं स्टेअरिंग दुसऱ्याच्या हातात द्यायचं मामांच्या जिवावर आलं. म्हणून नवरदेवच ड्रायव्हर झाला. डोक्याला भरजरी फेटा, कपाळाला मुंडावळ्या आणि पाय क्लचवर. शेजारची सीट आहेराच्या साड्यांनी आणि भांड्यांनी छतापर्यंत भरलेली. मामांच्या बाजूचं दार आतून उघडत नव्हतं, ते बाहेरून क्लीनरनं उघडायचं. काचेचं हँडलही तुटलेलं. मागं हौद्यात वऱ्हाड, त्यात गेनूची आई पारूआक्का, आणि फाळक्याजवळ गेनू.

घाट उतरल्यावर चाक पंक्चर झालं. गेनू खाली उतरला. मामा आतून ओरडले, "दार उघड रे!" तोंडानं सांगितलं होतं, त्यानं उघडलं. मामांनी फेटा-मुंडावळ्या काढून गेनूच्या हातात दिल्या. "हे सांभाळ. धूळ लागू देऊ नको." गेनूला आपल्या डोक्याइतकी रिकामी आणि सुरक्षित जागा दुसरी दिसली नाही. त्यानं फेटा घातला, मुंडावळ्या बांधल्या.

मामांनी गाडीखालून स्टेपनी काढली आणि तिला एक सणसणीत लाथ घातली.

"मामा, तिनं काय केलं?"

"अरे, चाक लावायच्या आधी लाथ घालून बघायचं. टणक लागलं तर हवा आहे. पाय आत गेला तर हवा कमी."

"आणि स्टेपनी कशाला?"

"एक चाक बसलं म्हणून रडत बसायचं नाही. स्टेपनी लावायची, गाडी पुढं. पण स्टेपनीवर लांबचा पल्ला मारायचा नसतो. मूळ चाक नीट झालं की स्टेपनी काढायची, मूळ चाक लावायचं."

"बरं मामा. डोक्यात बसलं."

मामांचं लक्ष सूर्याकडे होतं. चाक बदलून ते घाईनं आत चढले. फेटा राहिला गेनूच्याच डोक्यावर. "आता गाडी पळवतो. धूळ उडेल. मागं सगळं नीट झाक, ताडपत्री आवळून बांध!"

सगळं म्हणजे सगळं. गेनूनं वऱ्हाडासकट ताडपत्री ओढली, दोऱ्या आवळल्या आणि वर जाऊन बसला. खालून आई ओरडली, "अरे मुडद्या, जीव गुदमरतोय!" गेनूला वाटलं, दोरी सैल राहिली म्हणून माल खळखळतोय. त्यानं अजून एक वेढा दिला.

बोरखेडात गाडी थेट मांडवाच्या तोंडाशी थांबली. समोर बँड कान फाडत होता. गेनू उडी मारून मामांच्या दाराशी गेला. मामा काचेमागून ओरडत होते, "दार उघड, दार!" बँडच्या गोंगाटात शब्द कुठला ऐकू येतोय? गेनूला नुसते ओठ हलताना दिसले. तो हात बांधून उभा राहिला. मामांनी तोंडानं सांगितल्याशिवाय दाराला हात लावायचा नव्हता.

मग मामांनी जिवाच्या आकांतानं हॉर्न दाबला. हे मात्र गेनूला कळलं. "बाजूला व्हा! बाजूला व्हा! मामांचा हॉर्न आहे!" असं म्हणत त्यानं दाराजवळ आलेली माणसं ढकलत ढकलत मांडवात नेऊन सोडली. गाडीजवळ चिटपाखरू उरलं नाही. मामा एकटे, हॉर्न देत.

तेवढ्यात तात्या धावत आले. "नवरदेव कुठाय? मुहूर्त चाललाय!"

गेनूनं गाडीकडं बघितलं. मामा आत अडकलेले. म्हणजे हे चाक बसलं. रडत बसायचं नाही. त्यानं छाती पुढं काढली आणि म्हणाला, "चला, मी आहे."

ओळखणारं वऱ्हाड तर अजून ताडपत्रीखालीच आवळलेलं. आणि मुहूर्ताच्या घाईत नवरदेवाचं तोंड कोण बघतं हो? तात्यांनी फेटा बघितला, मुंडावळ्या बघितल्या, हाताला धरून पाटावर उभा केला. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. अंतरपाट दूर झाला आणि मंदानं हार घालायला हात उचलले. समोर बघते तर कुणीतरी भलताच, बत्तीशी काढून उभा.

"अगं बाई! हा कोण?"

त्याच वेळी काच फुटल्याचा आवाज झाला. लाथेनं काच फोडून मामा मांडवात शिरले. तोंडाला काळं ग्रीस, सदरा फाटलेला, मिशीत काचेचा चुरा. "गेन्या! मेल्या! माझ्या पाटावर तू?"

"मामा, तुम्ही अडकलात म्हणून स्टेपनी लावली. गाडी थांबली नाही बघा. मुहूर्त गाठला."

बँड गप्प झाला. तात्या लालबुंद झाले. "अक्षता पडल्या याच्यावर! मुहूर्त तर गेला. आता काय ते मंदाच सांगेल."

मंदानं मामांकडं बघितलं. मग गेनूकडं बघितलं. गेनू तरुण होता, धुतलेला होता, आणि फेटा त्याला मामांपेक्षा बरा दिसत होता हे खोटं कशाला बोला? ती पदराचं टोक चावत म्हणाली, "तात्या, उभा आहे तो राहू द्या की. मला चालतोय."

 मामा मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले. इतकी वर्षं वाट बघितली ती यासाठी? त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

गेनूनं मात्र ठाम मान हलवली. "नाही बाई. स्टेपनीवर लांबचा पल्ला मारायचा नसतो. मूळ चाक मोकळं झालंय. आता तेच लावायचं."

त्यानं फेटा काढून मामांच्या डोक्यावर ठेवला, मुंडावळ्या बांधल्या आणि मामांना पाटावर नीट उभं केलं. मामांना भरून आलं. "गेन्या, लेकरा," ते म्हणाले, "तुला मी उगाच येडा म्हणत होतो रे." मंदालाही हसू फुटलं. ते बघून तात्यांचा राग उतरला, मुहूर्ताची अटही ते विसरले. "शेवट गोड झाला म्हणायचं," तात्या म्हणाले. "घाल गं पोरी हार."

मंदानं हार उचलला. मामांनी मान पुढं केली.

"थांबा!" गेनू म्हणाला. "लावायच्या आधी बघायचं राहिलंच."

दोन पावलं मागं सरला आणि त्यानं सगळ्या मांडवादेखत, मामांच्या पार्श्वभागावर, एक सणसणीत लाथ घातली. मामा हारासकट मंदाच्या पायांवर पालथे पडले.

गेनूनं आपल्या पायाकडं बघितलं, मान डोलावली आणि मंदाला गंभीरपणे म्हणाला, "बाई, पाय आत गेला. हवा जरा कमी आहे. पण हळूहळू चालवलंत तर घरापर्यंत जाईल."