कलावतीची शर्यतीची खुर्ची

एका गावात एक सरपंच होते, बापूसाहेब. अंगाने काटकुळे, पण लोकांचं भलं करायचा उत्साह दांडगा. ज्याचं भलं करायचं त्याला विचारायची सवय मात्र त्यांना नव्हती.

त्याच गावात कलावती ठोंबरे राहायची. तिच्या पायांत बळ नव्हतं, पण शर्यतीच्या तीनचाकी खुर्चीत ती बसली की मोपेडवाले मुकाट्याने बाजूला होत. जिल्ह्याची शर्यत तीन दिवसांवर आली होती. पहिली येईल तिलाच राज्याच्या संघात जागा होती, आणि कलावतीला ती जागा हवीच होती.

एका सकाळी बापूसाहेबांनी तिचा सराव पाहिला. पाय दुमडलेले, छाती गुडघ्यांवर टेकलेली, मान खाली. त्यांना गहिवरून आलं. "गावाची लेक, आन् बसलीया गाठोड्यागत!"

सराव संपवून, खुर्ची शाळेत ठेवून कलावती घरी गेली. लगेच बापूसाहेबांनी ती खुर्ची निवृत्ती वेल्डरकडे नेली आणि बैठक हातभर उंच करवली. वर लाल मखमलीची गादी घातली.

"तिला इचारलं का?" निवृत्ती म्हणाला.

"चांगल्या कामाला काय इचारायचं?"

संध्याकाळी शाळेच्या मैदानात ती खुर्ची पाहून कलावतीच्या डोळ्यांत पाणी आलं. बापूसाहेबांना वाटलं, पोरीला आनंद झाला.

"बापू," ती म्हणाली, "चाकाच्या बाहेर हे कडं हाय न्हवं, त्याला वरनं हात मारायचा आन् पार खालपतुर ढकलत न्यायचा. उंच बसलं की हात वरच्या वरच सुटतो. मग वेग कुठनं यायचा?"

"अगं, ताठ बसलं की जोर येतो. मी काय आज खुर्चीत बसतोय?"

"मग बसाच. झेंड्याच्या खांबापतुर गेलात, तर मी हीच खुर्ची शर्यतीला नेते."

बघायला सगळं गाव जमलं. बापूसाहेब गादीवर विराजमान झाले. पहिला हात कड्याला नुसता चाटून गेला. खुर्ची वीतभर सरकली. लोक हसले. बापूसाहेबांनी चिडून होता नव्हता तेवढा जोर लावला. तसं पुढचं चाक वर उचललं आणि सरपंच गादीसकट मागे कलंडले. पाय आभाळाकडे, टोपी धुळीत.

आता बापू कुणावर उखडणार, या भीतीने निवृत्ती हळूच सटकायला लागला.

"निवृत्ती!" बापूसाहेब पडल्या पडल्याच ओरडले. "ही खाली घे."

"किती खाली?"

बापूसाहेबांनी सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. "मला काय इचारतोस? तिला इचार."

जिल्ह्याच्या शर्यतीत कलावती अर्ध्या चाकाने पहिली आली. बक्षीस द्यायचं व्यासपीठ चांगलं पाच पायऱ्यांचं होतं. चार कार्यकर्ते तिला खुर्चीसकट उचलायला धावले. बापूसाहेब हात पसरून आडवे आले.

"थांबा! आधी तिला इचारा."

कार्यकर्ते गोंधळले, पण त्यांनी विचारलं.

"मी हितंच बरी हाय," कलावती म्हणाली. "पाव्हण्यांना खाली बोलवा."

मग प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, पदक आणि हारतुरे असा सगळा लवाजमा धोतरं सावरत पाच पायऱ्या उतरून खाली आला.

तात्पर्य: ज्याचं भलं करायचं, त्याला आधी विचारावं. न विचारता दिलेला मान कधी कधी वाटेतली धोंड होतो.