उताण्या कासवाचे बोलणे

पळसाच्या एका जंगलात, आटत चाललेल्या डबक्याकाठी एक कासव राहत असे. दुसऱ्याला धीर द्यावा तर त्यानेच. उन्हाळ्यात डबक्यातला बेडूक रडकुंडीला आला, की कासव त्याला म्हणायचे, "अरे, खालच्या चिखलात अजून ओल आहे. तेवढं खाली जा, पुढचं पुढे बघू." बेडूक खाली जायचा आणि तगायचा. पण मुलांनो, हेच कासव स्वतःशी बोलू लागले, की त्याच्या जिभेला हाड राहत नसे. जरा कुठे अडखळले, की "मूर्खा, तुला चालतासुद्धा येत नाही!" असे ते स्वतःला सुनवायचे. बेडकाला असे बोलायची त्याची कधी छाती झाली नसती.

त्या वर्षी डबके पार आटले. कासव पहाटेच टेकडीपलीकडच्या तळ्याकडे निघाले, आणि उतारावर पाय घसरून उताणे पडले. पाय हवेत, पोट उन्हात, आणि ऊन तर घटकेघटकेला वाढत चाललेले. त्याने पाय झाडून पाहिले. काहीच झाले नाही. घसा कोरडा पडला, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. "संपलं माझं," ते म्हणाले. "मी जन्माचाच करंटा. माझ्याच्यानं काही होणार नाही." हे म्हणताच त्याचे पाय खरोखरच थांबले. मग त्याने मनाला चुचकारून पाहिले. "मी फार शूर आहे, मला काहीच झालेलं नाही!" पण ते त्याचे त्यालाच पटेना, आणि ते अधिकच खचले.

जवळच्या पळसावर एक कावळा केव्हाचा येऊन बसला होता. कासव हुंदका देऊन म्हणाले, "मी आता मरणार."

"खरं आहे," कावळा म्हणाला.

"माझा कुणाला काही उपयोग नाही."

"अगदी खरं."

"तुला रे काय माहीत?"

"तूच तर सकाळपासून सांगतोयस," कावळा फांदीला चोच घासत म्हणाला. "मी आपला ऐकत बसलोय. चालू दे तुझं. एकदा तुझी मान लोळली, की माझं जेवण. मला काही करावंच लागत नाही."

कासवाच्या अंगावर काटा आला. जो आपल्याला खायला टपला आहे, त्याचेच काम आपण सकाळपासून करत होतो! त्याला बेडूक आठवला. तो इथे असा पडला असता, तर त्याला आपण करंटा म्हटले असते? कासवाचे डोळे भरून आले. मग आयुष्यात पहिल्यांदाच, बेडकाशी बोलायच्या आवाजात ते स्वतःला म्हणाले, "अरे, तू घाबरला आहेस. घाबरण्यासारखंच आहे हे. पण मान अजून हलते ना? डावीकडची माती भुसभुशीत आहे. तेवढी मान रोव, पुढचं पुढे बघू." त्याने मान रोवली. ती निसटली. "असू दे. पुन्हा एकदा." किती वेळा निसटली, त्याला कळले नाही. मानेची कातडी सोलून निघाली. शेवटी पाठ कलली, एक पाय जमिनीला लागला आणि कासव धपकन पायांवर आले. कावळा उडून गेला.

तळे अजून लांब होते. वाटेत ते काळे विचार परत आले आणि "तू पोचणार नाहीस" म्हणू लागले. "येताय तर या," ते त्यांना म्हणाले, "पण मला थांबता येणार नाही." आणि स्वतःला म्हणाले, "त्या करवंदीपर्यंत तर जाऊ." करवंदीनंतर मग एक बाभूळ आली, बाभळीनंतर एक मोठा दगड. ऊन कलले तेव्हा त्याच्या पायांना गार चिखल लागला.

तात्पर्य : अडचणीतल्या सोबत्याशी आपण जसे खरे आणि मायेने बोलतो, तसेच स्वतःशीही बोलावे, कारण आपले बोलणे सगळ्यांत आधी आपल्यालाच ऐकावे लागते.