वंगण आणि पाटल्या

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बैल बोलत असत आणि माणसं अधूनमधून ऐकतही असत.

एका डोंगराळ मुलखात गाडीवानांचं गाव होतं. घाटाखालचं मीठ वर न्यायचं आणि वरचा गूळ खाली आणायचा, हा त्यांचा धंदा. गावाची एक रीत होती. अवसेला कुणी गाडी जुंपायची नाही. त्या दिवशी चाकं उतरवायची, आसावरचं जुनं काळं वंगण चिंधीनं पुसून काढायचं आणि नवं एरंडेल घालायचं. चाक कुरकुरत असो वा नसो, अवस चुकवायची नाही.

त्या गावात एक तरुण गाडीवान होता. कामाला वाघ, मनानं गोड. फक्त हिशेबात जरा जास्तच हुशार. पलीकडच्या गावच्या मुलीशी त्याचं लग्न ठरत आलं होतं. तिला पाहिलं त्याच दिवशी यानं मनाशी पक्कं केलं, की हिच्या हातात सोन्याच्या पाटल्या घालायच्याच.

मग तो पै-पै साठवायला लागला. पान सोडलं, जत्रा सोडली. एका अवसेला तेलाचं मडकं हातात घेऊन तो विचारात पडला. "चाक तर भिंगरीसारखं फिरतंय. मग आतलं तेल पुसून टाकायचं आणि विकतचं नवं ओतायचं, ही कुठली अक्कल?"

त्यानं चाक उतरवलंच नाही. बाहेरून बोटभर तेल चोपडलं. लोकांना वाटलं, झालं वंगण. पुढच्या अवसेलाही तसंच, त्याच्या पुढच्याही.

आत मात्र रस्त्याची धूळ आणि मिठाची कच जुन्या वंगणात मिसळून बसली आणि आसाला खाऊ लागली.

"धनी, गाडी जड लागतेय," चांद्या बैल एकदा म्हणाला.

"गाडी तीच, मीठ तेवढंच. तुम्हीच अशक्त झालात," गाडीवान म्हणाला, आणि बिचाऱ्यानं काळजीपोटी सरकीची पेंड विकत आणली.

दुसरा बैल खैऱ्या पेंड चघळत म्हणाला, "चांद्या, तू फार गुणी आहेस. उद्या थोडा लंगड."

तेलाची बचत अशी बैलांच्या पोटात जात होती. तरी आमच्या हुशार माणसाला वाटत होतं, आपण पाटल्यांच्या जवळ चाललोय!

शेवटी पाटल्यांपुरतं साठलं आणि सुपारीचा दिवस आला. गाडीवान बैलांवर झुली घालून, घुंगरं वाजवत मुलीच्या गावी पोचला. तिथं मुलीची आत्या पदर खोचून उभीच होती.

"झुली बघितल्या, पाव्हणं. आता जरा चाक उतरवा."

"आत्याबाई, कालच वंगण घातलंय. बघा की, तेल कसं चमकतंय!"

"चमकतंय ते दिसतंय. आमच्यात सोयरीक करताना घर नंतर बघतात, आस आधी."

गाडीला टेकू दिला, खीळ काढली. चाक निघेना. दोघांनी ओढून काढलं, तेव्हा आतून काळा चिखल निघाला. आस चघळलेल्या उसासारखा झाला होता. तेवढ्यात टेकू सरकला, काडकन आवाज झाला आणि गाडी एका अंगावर बसली.

सगळा मांडव हसला. गाडीवानाला मात्र रडू फुटायचंच बाकी राहिलं. सोयरीक मोडली, असं त्याला वाटलं, आणि मुलीकडे बघायचाही त्याला धीर होईना.

"तोंड पाडू नका," आत्या म्हणाली. "माणूस वाईट नाही, चिक्कू आहे. ते लग्नानं बरं होतं. पण नवा आस बसल्याशिवाय आमची पोर या गाडीत बसायची नाही."

गावच्या सुतारानं गाडी तपासली. आस गेलाच होता, चाकंही आतून झिजली होती. सगळंच नवं करावं लागलं. साठवलेला पैसा पेटीतून निघाला आणि सुताराच्या घरी गेला.

"वेळच्या वेळी वंगण घातलं असतं तर?" गाडीवानानं विचारलं.

"तर माझी चूल कशी पेटली असती?" सुतार म्हणाला. तो खरं बोलणारा माणूस होता.

लग्न थाटात लागलं. नवरीच्या हातात हिरवा चुडा किणकिणत होता. अक्षता पडल्या आणि सुताराची बायको नवरीला आशीर्वाद द्यायला पुढं आली. तिच्या दोन्ही हातांत नव्याकोऱ्या सोन्याच्या पाटल्या झळकत होत्या.

"किती सुरेख आहेत!" नवरी नवऱ्याच्या कानात म्हणाली. "कुणी केल्या असतील यांना?"

नवऱ्यानं मान खाली घातली. "मीच," तो म्हणाला.

नवरी इतकी हसली, की मुंडावळ्या सुटायची वेळ आली. मग तोही हसला; दुसरं करणार काय?

तेव्हा लहानथोर हो, एवढं ध्यानात ठेवा: चालत्या चाकाला जो तेल नाकारतो, त्याला मोडल्या चाकापायी सोनं मोजावं लागतं.